ज्याने माझे दात डागाळले, तेच मुलाच्या दातांना लावू का?

पत्र: डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात आहे. लहानपणी आम्ही हातपंपाचे आणि पुढे घरच्या बोअरचे पाणी प्यायलो. माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या पुढच्या दातांवर तेव्हापासून तपकिरी पट्टे आहेत. ते घासून जात नाहीत आणि मी अजूनही फोटोत ओठ मिटूनच उभी राहते. हे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे झाले, असे शाळेत आलेल्या तपासणी पथकाने सांगितले होते. लग्नानंतर मी पुण्यात आहे. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असून त्याचे वजन चौदा किलो आहे. त्याच्या वरच्या दुधाच्या दातांना कीड लागली आहे आणि इथल्या दंतवैद्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश लावायला व फ्लोराइडची टूथपेस्ट वापरायला सांगितले आहे. सासूबाईंच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला आहे. त्यात अमेरिकेत फ्लोराइडवर बंदी घातली आणि त्याने मुलांची बुद्धी मंदावते, असे म्हटले आहे. त्यांनी घरात फ्लोराइड नसलेली पेस्ट आणि एक मंजन आणून ठेवले आहे. ज्याने माझे दात गेले, तेच माझ्या हाताने मुलाच्या दातांना लावायचे, हे मनाला पटत नाही. मी काय करावे? उन्हाळ्यात आम्ही दोन महिने माहेरी जातो. बहीण सध्या तिथेच आहे. तिचे बाळ पाच महिन्यांचे असून अंगावरचे दूध पुरत नसल्याने त्याला डब्याचे दूध चालू आहे.

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून मी सुरुवात करते, कारण ते आपण केवळ माहितीसाठी लिहिले असले तरी माझ्या दृष्टीने साऱ्या पत्रात तेच सर्वांत तातडीचे आहे. आपल्या मुलाच्या व्हार्निशचा निर्णय आठ-पंधरा दिवस लांबला तरी चालेल, पण बहिणीच्या बाळाच्या दुधात मिसळल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न लांबवून चालणार नाही. ते पाणी त्याच बोअरचे असेल, तर हे उत्तर पुढे वाचण्यापूर्वी बहिणीला फोन करा आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत बाळाचे दूध दुसऱ्या, खात्रीच्या पाण्यात करायला सांगा.

एवढी घाई का, ते साध्या हिशेबाने सांगते. डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या बाळाचे अन्न आणि पाणी एकच असते. साडेसहा किलो वजनाचे बाळ दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर दूध पिते. आपल्या बोअरचा आकडा तपासणीतूनच कळेल, पण हिशेबापुरते त्या पाण्यात दर लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे असे धरू. तसे असेल तर बाळाच्या पोटात रोज जवळजवळ अडीच मिलिग्रॅम फ्लोराइड जाते. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रोज वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड घेऊ नये, अशी मर्यादा अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांच्या समितीने १९९७ साली मांडली होती. त्या मापाने या बाळाची मर्यादा ०.६५ मिलिग्रॅम होते, म्हणजे त्याला तिच्या साडेतीन पटींहून अधिक मिळत असेल. शिवाय हे अशा वयात, ज्या वयात त्याच्या पक्क्या पटाशीच्या दातांची घडण हिरडीच्या आत नुकतीच सुरू झालेली असते. ते दात बाहेर दिसायला अजून सहा-सात वर्षे आहेत, पण त्यांचा रंग आणि पोत ठरण्याचा काळ हाच आहे.

आईने फ्लोराइडचे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात ते जवळजवळ उतरत नाही. म्हणून बहिणीला जितके अंगावर पाजता येईल तितके पाजू द्या. दूध वाढवण्याचे प्रयत्न पाच महिन्यांनंतरही करता येतात. त्यासाठी बालरोगतज्ज्ञांचा किंवा आरोग्य केंद्रातील परिचारिकेचा सल्ला तिने संकोच न करता घ्यावा. जे वरचे दूध द्यावेच लागेल त्यासाठी पाणी उकळून घेणे जंतूंसाठी आवश्यक आहे, परंतु उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते आणि फ्लोराइड मागे राहते, त्यामुळे फार वेळ उकळलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढलेलेच असते. कापडाची गाळणी, मेणबत्तीचा फिल्टर, क्लोरीनचे थेंब किंवा अतिनील किरणांचे यंत्र यांपैकी कशानेही ते निघत नाही. आरओ यंत्राने ते बव्हंशी निघते, मात्र त्याचे पडदे वेळेवर बदललेले असावे लागतात. गावात वीस लिटरच्या कॅनचे पाणी मिळत असेल, तर विक्रेत्याकडे त्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा. थंड आणि गोड लागते म्हणून ते सुरक्षित आहे असे समजू नका, कारण फ्लोराइडला ना चव असते, ना रंग, ना वास.

पाण्याची तपासणी राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करून घेता येते. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्यांकडून तिथे नमुना कसा पाठवायचा ते समजेल. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा आणि बाटली आधी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यावी. घरच्या बोअरबरोबरच गावातील नळयोजनेचा आणि एखाद्या उथळ उघड्या विहिरीचाही नमुना द्या. एकाच गावात दोन शेजारच्या स्रोतांच्या आकड्यांत कितीतरी फरक पडतो आणि अनेकदा सुरक्षित पाणी शंभर-दोनशे पावलांवरच असते. उथळ विहिरीचे पाणी फ्लोराइडच्या दृष्टीने चांगले निघाले तरी त्यात जंतूंचा धोका अधिक असतो, म्हणून ते निर्जंतुक करूनच वापरावे.

आता आपल्या दातांकडे वळते, कारण आपल्या मनातील भीतीचे मूळ तिथे आहे आणि ती भीती मला मुळीच अवाजवी वाटत नाही. आपल्या केळापूर तालुक्यातील पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड अधिक असल्याचे भूशास्त्रज्ञांच्या अभ्यासांत नोंदले गेले आहे. खोलवरचे पाणी वर्षानुवर्षे खडकाच्या भेगांत राहते आणि त्या खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजे हळूहळू त्यात विरघळतात. पाणी अल्कधर्मी आणि कॅल्शियमने कमी असेल, तर ती अधिकच विरघळतात. उघड्या विहिरींच्या दूषित पाण्यापासून लोकांना वाचवण्यासाठी गावोगावी हातपंप आले आणि त्यांनी जुलाब-कॉलऱ्यापासून असंख्य मुलांचे प्राण वाचवले. त्याच खोल पाण्यातून काही तालुक्यांत हा दुसरा त्रास वर आला, हे मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. आपल्या आईवडिलांनी आपल्याला हातपंपाचे पाणी पाजले, ते त्या वेळच्या उत्तम सल्ल्यानुसारच होते.

दात हिरडीच्या आत घडत असताना काही विशिष्ट पेशी त्यावर दंतवल्क, म्हणजे एनॅमल, रचत असतात. आधी प्रथिनांची एक जाळी तयार होते. मग ती जाळी हळूहळू काढून घेतली जाते आणि तिच्या जागी खनिजाचे घट्ट स्फटिक भरतात. रक्तात फ्लोराइड अधिक असेल, तर प्रथिने काढून घेण्याचे हे काम अपुरे राहते आणि दंतवल्क सच्छिद्र होते. असा दात बाहेर येतो तेव्हा खडूसारखा पांढरा किंवा पांढऱ्या रेघांचा असतो. तपकिरी रंग पुढच्या काळात त्या छिद्रांमध्ये बाहेरून मुरतो. आपले पट्टे घासून जात नाहीत, याचे कारण ते दातावर बसलेले नसून दातात आहेत. वरच्या पटाशीच्या दातांच्या दृष्टीने पहिली तीन वर्षे सर्वांत नाजूक असतात आणि अक्कलदाढा सोडल्या तर साधारण आठव्या वर्षापर्यंत सर्व पक्क्या दातांचा दिसणारा भाग घडून झालेला असतो. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले तरी दातांवर नवे डाग येत नाहीत. हाडे आणि सांध्यांवर मात्र पुष्कळ वर्षांच्या अतिरिक्त फ्लोराइडचा परिणाम मोठ्या वयातही होतो. आपल्या देशात नेल्लोर जिल्ह्यातील अशा रुग्णांची नोंद १९३७ सालीच झाली होती. म्हणून माहेरच्या पाण्याचा प्रश्न केवळ लहान मुलांचा नाही, घरातील थोरांच्या गुडघ्यांचा आणि कण्याचाही आहे.

आपल्यासारखेच दात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका दंतवैद्यांना दिसले होते, आणि फ्लोराइड पेस्टमध्ये कसे आले याचे उत्तर त्यांच्या निरीक्षणात आहे. फ्रेडरिक मॅके १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसायासाठी गेले, तेव्हा तेथे वाढलेल्या लोकांचे दात तपकिरी डागांचे असल्याचे त्यांनी पाहिले. पुढे जी. व्ही. ब्लॅक या नामवंत संशोधकांच्या साथीने त्यांनी या डागांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि त्यात एक अनपेक्षित गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, ती म्हणजे हे डागाळलेले दात फारसे किडत नव्हते. कारण पाण्यात आहे, अशी मॅके यांची खात्री होत गेली, पण ते पाण्यातील फ्लोराइड आहे हे १९३१ साली एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञांनी शोधले. मग ट्रेंडली डीन यांनी ठिकठिकाणच्या मुलांचे दात आणि पाणी तपासून दाखवले की दर लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड असेल, तर ठळक डाग पडत नाहीत आणि कीड मात्र कमी राहते. त्या आधारावर २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात ते प्रथम मिसळले गेले आणि त्यानंतर तेथे जन्मलेल्या मुलांच्या दातांतील कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली. म्हणजे ज्याने दात डागाळतात आणि ज्याने दात किडत नाहीत ते द्रव्य एकच, हे आपले म्हणणे अगदी खरे आहे. फरक किती, कोणत्या वयात आणि कोणत्या वाटेने, याचा आहे.

यांतील वाटेचा मुद्दा नीट कळायला पुढे बरीच वर्षे लागली. दाताच्या घडणीत आतून फ्लोराइड मिसळल्याने तो मजबूत होतो, अशी पूर्वी समजूत होती. आज आपल्याला माहीत आहे की कीड रोखण्याचे बहुतेक काम फ्लोराइड दात उगवल्यानंतर, त्याच्या पृष्ठभागावर, लाळेत राहून करते. मूल बिस्किट खाते, बाटलीने दूध पीत झोपते किंवा दिवसभर काही ना काही चघळत राहते, तेव्हा दातांवरच्या थरातील जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. आम्लता वाढून सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. काही वेळाने लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि तीच खनिजे परत दातावर बसू लागतात. ही झीज आणि भर दिवसभर चालू असते व झीज जास्त झाली की खड्डा पडतो. लाळेत थोडेसे फ्लोराइड असेल, तर परत बसणारी खनिजे लवकर बसतात आणि बसलेला थर मूळच्या दंतवल्कापेक्षा आम्लाला अधिक काळ दाद देत नाही, तो साधारण ४.५ सामूपर्यंत टिकतो. या कामासाठी फ्लोराइड गिळण्याची गरज नसते. ते दाताला लागले आणि तोंडात थोडा वेळ राहिले की पुरे.

आपले दात ज्याने डागाळले ते फ्लोराइड पोटातून, रक्तातून, हिरडीच्या आत घडणाऱ्या दातापर्यंत गेले होते. आपल्या मुलाच्या दंतवैद्यांनी सांगितलेले फ्लोराइड आधीच उगवलेल्या दातावर बाहेरून लावायचे आहे. बाहेरून लावलेल्यातील थोडे गिळले जाते हे मात्र खरे आहे, म्हणून मापाला महत्त्व आहे.

आपल्या देशात टूथपेस्टमधील फ्लोराइडवर १००० पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण दशांश ग्रॅम भरते, म्हणजे त्यात ०.१ मिलिग्रॅम फ्लोराइड असते, आणि मटारच्या दाण्याएवढ्या पेस्टमध्ये सुमारे ०.२५ मिलिग्रॅम. लिटरला ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या एका लिटर पाण्यातून जेवढे पोटात जाते, तेवढे जाण्यासाठी तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट तीस वेळा पूर्ण गिळावी लागेल. आपल्या मुलाच्या चौदा किलो वजनाला रोजची मर्यादा १.४ मिलिग्रॅम येते. धरणातून येणाऱ्या पाण्यात फ्लोराइड सहसा फार कमी असते, आणि तसे पाणी पीत असताना दिवसातून दोनदा मटारच्या दाण्याएवढी पेस्ट त्याने पूर्ण गिळली, तरी एकूण अर्धा मिलिग्रॅमच होतो. तीन वर्षांखालील मुलांसाठी तांदळाचा दाणा आणि तीन ते सहा वर्षांसाठी मटारचा दाणा, असे माप दंतवैद्यांच्या संघटना सांगतात, तेच आपण पुण्यात पाळावे. आपल्या सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळले जात असेल, तर पुण्यातही एकदा पाणी तपासून घ्यावे. मोठ्या शहरात राहतो म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे समजणे बरोबर नाही.

पेस्टच्या नळीवर फ्लोराइडचे प्रमाण पीपीएममध्ये छापलेले असते, ते वाचून घ्या. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते ५०० च्या आसपास असते आणि काहींत अजिबात नसते. कीड रोखण्याचा ठळक फायदा १००० पीपीएमच्या आसपासच्या पेस्टने होतो, आणि आपल्या मुलाला कीड आधीच लागलेली असल्याने मी सौम्य पेस्टचा आग्रह धरणार नाही. त्यापेक्षा पूर्ण ताकदीची पेस्ट अगदी थोडी घ्यावी. नळीवरची मुदतही पाहा, कारण जुन्या पेस्टमधील उपयोगी फ्लोराइड कमी होत जाते. ब्रश आपण स्वतः करावा. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात ब्रश देऊन कौतुक करावे, पण दात त्याने घासले असे समजू नये. सात-आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश तरी मोठ्या माणसाच्याच हातून व्हायला हवा. त्याला मांडीवर आडवे घेऊन, ओठ बोटाने वर उचलून, जिथे हिरडी आणि दात मिळतात तिथे हळुवार घासा. झाल्यावर त्याला फेस थुंकायला शिकवा, परंतु खळखळून चूळ भरायला लावू नका, कारण तसे केल्याने दातावर राहायला हवे असलेले फ्लोराइड धुऊन जाते. आपल्याकडे चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाले असे वाटत नाही, याची मला कल्पना आहे, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही देऊ नये, दूधही नाही. पेस्टची नळी मात्र त्याच्या हाती लागेल अशी कधीही ठेवू नका. शंभर ग्रॅमच्या नळीत शंभर मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असते आणि वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच्यासाठी ७० मिलिग्रॅम, एकदम पोटात गेल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

व्हार्निशचा आकडा ऐकून माणूस दचकतो, कारण त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असते. पण लहान मुलाच्या साऱ्या दुधाच्या दातांना मिळून पाव मिलिलिटर पुरते, म्हणजे साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही तीन ते सहा महिन्यांतून एकदा. लाळ लागताच ते दाताला चिकटून बसते आणि पुढील काही तासांत हळूहळू सुटते. त्या दिवशी दात पिवळसर दिसतील, मऊ आणि कोमट अन्न द्यावे, आणि ब्रश पुन्हा केव्हा करायचा ते डॉक्टर सांगतील. मुलाला दम्याचा त्रास असेल किंवा चिकटपट्टीची, राळेची ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगावे, कारण बहुतेक व्हार्निशमध्ये राळ असते. हिरडीलगत जे खडूसारखे पांढरे ठिपके असतात, ती किडीची पहिली पायरी असते आणि ती अशा उपायांनी भरून येऊ शकते. जिथे तपकिरी खड्डा पडलेला आहे तिथे व्हार्निश पुरणार नाही. तिथे डॉक्टर भरणी सुचवतील किंवा सिल्व्हर डायामिन फ्लोराइड नावाचे औषध लावतील. त्याने कीड थांबते, पण किडलेला भाग कायमचा काळा होतो. हे आधी न सांगितल्याने पालक घाबरतात, म्हणून मी सांगून ठेवते. फ्लोराइडची टूथपेस्ट आणि हे औषध या दोन्हींचा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

दुधाचे दात पडायचेच आहेत, मग एवढे कशाला, असे घरात कोणी म्हणेल. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. किडलेल्या दाढेने मूल जेवत नाही, झोपत नाही, आणि त्याच तोंडात सहाव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते.

सासूबाईंना आलेला व्हिडिओ सगळाच खोटा आहे, असे मी म्हणणार नाही, आणि आपणही त्यांना तसे म्हणू नये. नातवाच्या काळजीनेच त्यांनी पेस्ट बदलली आहे. त्यात ज्यांचा उल्लेख असेल त्या गोष्टी अशा आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असल्यास त्याचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध दिसतो, असा मध्यम खात्रीचा निष्कर्ष त्याने काढला. अमेरिकेत पाण्यात जे ०.७ मिलिग्रॅम मिसळले जाते, त्याबद्दल असा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा त्यात नव्हता. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी सार्वजनिक पाण्यात फ्लोराइड मिसळणे बंद केले. तेथील बंदी पाण्यात मिसळण्यावर आहे, फ्लोराइडच्या टूथपेस्टवर नाही. आपल्याकडे तर शहरांच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळलेच जात नाही.

त्या अहवालातील १.५ हा आकडा मात्र आपण लक्षात ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक मर्यादा हीच आहे आणि भारतीय मानकातही दर लिटरला १ मिलिग्रॅम हे इष्ट प्रमाण असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. म्हणजे व्हिडिओतील इशारा ज्या घराला खरोखर लागू पडू शकतो ते आपले पुण्याचे घर नाही, बहिणीचे घर आहे. सासूबाईंची काळजी योग्य आहे, ती टूथपेस्टवरून त्या बोअरकडे वळवली पाहिजे, असे आपण त्यांना सांगितलेत तर मला वाटते त्या ऐकतील.

त्यांनी आणलेल्या मंजनाबद्दल दोनच शब्द. खरखरीत मंजनाने आणि राखुंडीने दंतवल्क झिजते आणि त्यात फ्लोराइडचा उपयोग नसतो. मंजनात तंबाखू घालण्यास आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, तरीही डब्यावरचे घटक वाचून घ्या. माहेरी कोणी मशेरी लावत असेल, तर ती मुलाच्या बोटालाही लागू देऊ नका.

उन्हाळ्यात माहेरी जायचे ते जरूर जावे. आजीच्या घरापासून मुलाला दूर ठेवण्याची गरज नाही, फक्त त्याचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी सुरक्षित हवे. स्वयंपाकाचे म्हणजे वरणाचे, भाताचे, पिठल्याचे, सगळेच. अनेक घरी प्यायला कॅनचे पाणी आणि भात बोअरच्या पाण्यात, असे चालते आणि निम्मी काळजी वाया जाते. आंघोळ, कपडे, भांडी यांसाठी बोअरचे पाणी खुशाल वापरा, त्वचेतून फ्लोराइड आत जात नाही. चहाच्या पानांत मुळातच फ्लोराइड असते, तेव्हा त्याच पाण्यातला चहा मुलाला बशीतूनही देऊ नये. दूध, दही, नाचणी, तीळ, लिंबू आणि आवळा त्याच्या खाण्यात असू द्या, कारण कुपोषित मुलांत फ्लोराइडचा त्रास अधिक तीव्र दिसतो. ते दोन महिने पेस्ट मात्र बंद करू नये, मटारऐवजी तांदळाचा दाणा घ्यावा. दोन्ही वेळची पेस्ट पूर्ण गिळली तरी ०.२ मिलिग्रॅम होते, आणि ती बंद केल्याने किडलेल्या दातांचे जे नुकसान होईल ते त्याहून कितीतरी मोठे असेल. पाण्याची पक्की सोय होऊ शकली नाही, तर या वर्षी मुक्काम दोन महिन्यांऐवजी पंधरा दिवसांचा करा.

गावपातळीवरही काही होऊ शकते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत विकसित केली आणि तिला नलगोंडा या गावाचे नाव पडले. तुरटीचे प्रमाण पाण्यानुसार काढावे लागत असल्याने ही पद्धत घरी अंदाजाने करू नये. केंद्र सरकारचा फ्लोरोसिस (अतिरिक्त फ्लोराइडमुळे होणारा दातांचा आणि हाडांचा विकार) नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून चालू आहे. आपण आणि बहीण दोघींच्याही दातांवर पुरावा असताना ग्रामसभेत हा विषय आपणच मांडलात, तर तो टाळता येणार नाही.

आपल्या दातांचे आपण काही विचारलेले नाही, तरी लिहिते. हे डाग आनुवंशिक नाहीत. आपल्या दातांवर आहेत म्हणून मुलाच्या दातांवर येतील असे मुळीच नाही. डाग वरवरचे असतील, तर दंतवल्काचा अगदी पातळ थर घासून काढून आणि दात उजळून ते बरेच फिके करता येतात. खोल असतील तर दातावर दाताच्याच रंगाचा पातळ पापुद्रा बसवता येतो. ॲसिडने दात पांढरे करून देणाऱ्या कोणाकडेही जाऊ नका. मुलाला व्हार्निशसाठी न्याल, त्याच दिवशी स्वतःचे दातही तिथे दाखवा.

बहिणीच्या घरच्या पाण्याचा अहवाल आला की त्यावरील फ्लोराइडचा आकडा, बोअर किती फूट खोल आहे आणि गावातील आणखी कोणत्या स्रोताचा नमुना दिला होता, एवढे मला लिहून कळवा. बाळाच्या पाण्याचे पुढे काय करायचे, ते त्यावरून सांगेन.